पंपावरचं हिरवं कडं

वामनभाऊ, तुम्ही गेल्यापासून प्रयोगशाळेतल्या बाटल्या मी धुते. नवीन माणूस द्या म्हणून अर्ज वर गेलाय, तोवर "कसंतरी भागवा मॅडम" असं विभागप्रमुखांनी सांगितलंय. तर भागवतेय. एक चंबू फोडला, एका ब्युरेटची तोटी मोडली, आणि हाताची सालं निघाली ती वेगळीच. तुम्ही असता तर हातातला ब्रश ओढून घेतला असता. "राहू द्या जी, तुमच्यानं नाई होत ते." नाहीच होत.

सोमवारी सकाळी तुम्ही कॉलेजच्या जिन्यात बसलात आणि पुन्हा उठला नाहीत. तुम्हाला गावी नेलं तेव्हा मी आले नाही, पुण्यानुमोदनालाही आले नाही. प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या हे खरं आहे, आणि ती सबबही आहे. कॉलेजच्या शोकसभेत मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, "वामनभाऊ फार प्रामाणिक होते" एवढं म्हणाले आणि खाली बसले. एकोणीस वर्षं ज्याच्याबरोबर एका खोलीत काम केलं त्या माणसाबद्दल एवढंच! एरवी माझी जीभ किती चालते ते तुमच्याइतकं कुणाला माहीत? त्या दिवशी फक्त रडू येत होतं. भीती नव्हती. भीती पुढच्या बुधवारी सुरू झाली.

त्या दुपारी मी कपाट आवरत होते. खालच्या खणात ती मोठी तपकिरी बाटली सापडली, माझ्याच अक्षरात 'गावासाठी' अशी चिठ्ठी लावलेली. तळाशी थोडं द्रावण उरलं होतं. मी ते टबात ओतलं. टबात आधीच प्रथम वर्षाच्या पोरांचं मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, निळं पाणी होतं. मग बाटली विसळली आणि तुमच्या पद्धतीप्रमाणे अतिनील दिव्याखाली धरली. धुतलेली प्रत्येक बाटली पडद्यामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन दिव्याखाली धरायची आणि जी चमकेल ती परत धुवायची, हे तुमचं व्रतच होतं. मी त्यावरून तुम्हाला किती चिडवायची, "भाऊ, नोटा तपासताय का?" म्हणून. बाटली साफ निघाली. पण मी टब तसाच ओढत कोपऱ्यात आणला होता, आणि दिव्याचा झोत त्याच्यावर पडला. निळं पाणी हिरवं चमकत होतं.

मी तिथेच फरशीवर बसले. कारण टब निळा असूनही हिरवं जात नाही, हे मी ऐकलेलं होतं. तुमच्या तोंडून ऐकलेलं होतं.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी एकदा पहिल्यापासून सांगते, कारण मला स्वतःलाच ते नीट ऐकायचंय. टर्बियम नावाच्या धातूचे आयन पाण्यात असले की पाण्याचे रेणू त्यांना चहूकडून वेढून बसतात. दिव्यातून आयनाला मिळालेली ऊर्जा हे रेणू काढून घेतात, म्हणून तो मंदच दिसतो. त्यात आपण आपलं पॉलिमर टाकतो. ती लांबच लांब साखळी, अंगभर ऋणभाराच्या जागा असलेली. टर्बियमवर धनभार, तो धावत जाऊन तिला चिकटतो. वेढून बसलेलं पाणी बाजूला सरतं, आणि मग तो हिरवा उजेड येतो. आम्ल जास्त असलं तर साखळीचे भार झाकलेले राहतात आणि ती गोळा होऊन पडते. थोडा सोडा टाकला की उलगडते. तुम्ही पहिल्यांदा हे पाहिलंत तेव्हा नळी हातात घेऊन बराच वेळ उभे होतात. मी एवढं सगळं फळ्यावर काढून सांगितल्यावर म्हणालात, "म्हणजे पंगत आहे जी. पाट मांडले का पाव्हणे बसते."

पंगत! मी दोन दिवस हसत होते. मग हळूहळू मीही वर्गात पंगतच म्हणायला लागले. पोरांना ते पुस्तकातल्यापेक्षा लवकर कळायचं. तुमचं नाव मात्र मी कधी सांगितलं नाही.

तांबं, शिसं असले धातू पाण्यात आले की त्यांचे आयन टर्बियमपेक्षा घट्ट बसतात, त्याला पाटावरून उठवतात आणि उजेड विझतो. म्हणजे उजेड विझला तर पाण्यात काहीतरी आहे. एवढ्यावर आपली परीक्षा उभी होती. माझी परीक्षा, असं मी तेव्हा म्हणायची.

तुमच्या गावच्या पंपाचं तुम्हीच सांगितलं होतंत. मुलचेऱ्याच्या अलीकडचं तुमचं गाव, शाळेजवळ नवीन हातपंप बसला, आणि बाया म्हणायला लागल्या की पाणी तुरट लागतं, तांब्याची पळी चाटल्यासारखं. पंप सोडून त्या पुन्हा जंगलातल्या नाल्यावर जायला लागल्या. दिवाळीनंतर शेजारच्या वस्तीतली, टोलीवरची एक बाई अशीच नाल्यावर गेली आणि परत आली नाही. दोन दिवसांनी तिची घागर मिळाली. तुम्ही हे सांगत असताना पिपेटा पुसत होतात, आणि एकच पिपेट पुसत राहिलात. पाण्याचा नमुना तपासणीला पाठवला होता, उत्तर आलं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, मी येते. तासाभरात सांगते पाणी कसं आहे ते."

मला ते पाणी चांगलं निघायला हवं होतं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय. पाणी चांगलं निघालं असतं तर बाया नाल्यावर जायच्या थांबल्या असत्या. बायांना पटायला उजेड ढळढळीत दिसायला हवा होता. बाहेर उन्हात नुसत्या छत्रीच्या सावलीत करून पाहिलं तर तो फिका दिसायचा. म्हणून मी पॉलिमर वाढवलं. पुन्हा वाढवलं. टर्बियमचा एकही आयन मोकळा राहू नये म्हणून साखळ्याच साखळ्या ओतल्या. उजेड झकास आला.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही नळ्या धुता धुता थांबलात. "मॅडम, या टबात पोट्ट्यांचा मोरचूद होता. तुमचं उरलेलं त्यातच पडलं. दिव्याखाली हिरवं जाऊन नाई राह्यलं."

"कमी पडला असेल मोरचूद."

"कमी नाई जी. टब निळा आहे." मग ब्रशकडे बघत म्हणालात, "पंगतीत पाट लय रिकामे आहेत. नवा पाव्हणा आला तं रिकाम्या पाटावर बसंन ना? बसलेल्याले कायले उठवन?"

आणि मी काय म्हणाले? शब्द न शब्द आठवतोय. मी म्हणाले, "भाऊ, तुम्ही बाटल्या धुवा. रसायनशास्त्र मी बघते."

तुम्ही "हाव जी" म्हणालात. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत नळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलात. गोंडपिपरी गेलं, वैनगंगेच्या पुलावर मी तुम्हाला चहा पुढे केला तो घेतलात, आष्टीला गाडी बदलली. रागावलात का, असं मी विचारलं नाही. तुम्ही असे कधी रागवायचाच नाहीत, हे माझ्या सोयीचं होतं.

पंपाजवळ तुमच्या घरची काळी घोंगडी पसरून आम्ही सात-आठ जणी तिच्यात शिरलो. आतमध्ये गरम, घामाचा वास, लहान पोरींचं खिदळणं. मी दिवा लावला. पंपाच्या पाण्यात तो हिरवा उजेड असा फुलला की एक म्हातारी "अगं बापा!" म्हणून मागेच सरली. मी घोंगडीतून डोकं बाहेर काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पाणी चांगलं आहे. मग तुमच्याच हातात ब्रश दिला, आणि तुम्ही पंपाच्या मानेला हिरव्या रंगाचं कडं काढलंत. हळू हळू काढलंत. मला वाटलं, नीट काढताय.

त्यानंतर तुम्ही मला तीनदा म्हणालात, "मॅडम, एक चक्कर मारून येऊ ना जी गावाले." पहिल्यांदा मी म्हटलं परीक्षा आहेत. दुसऱ्यांदा तपासणी समिती येणार होती. तिसऱ्यांदा मी मोबाइलमध्ये बघत होते आणि नुसतं "हूं" म्हटलं. मला वाटलं, घरी जेवायला बोलावताय. घरचा तांदूळ निघाला होता ना.

तर त्या बुधवारी मी फरशीवरून उठले आणि पुन्हा सगळं मोजून केलं. पॉलिमर जास्त घेतलं तर मोरचूद टाकूनही उजेड जागच्या जागी. बेताचं घेतलं, सगळे पाट भरतील एवढंच, तर दोन थेंबांत उजेड गेला. चार वेळा केलं. चारही वेळा तुम्ही बरोबर होतात. मी गावात जे दाखवलं होतं त्याला काही अर्थच नव्हता. ते पाणी कसंही असतं तरी चमकलंच असतं.

पाणी वाईट आहे असं अजून ठरलेलं नव्हतं. पण ते चांगलं आहे असं सांगून मी आले होते, आणि दोन महिन्यांहून जास्त दिवस गाव ते पीत होतं. वामनभाऊ, मी इतकी कधीच घाबरले नव्हते. घरी नळ सोडला की हात थांबायचा. घोंगडीतल्या त्या पोरी डोळ्यांसमोर यायच्या, दात दाखवत हसणाऱ्या. तुम्हीसुद्धा दर शनिवारी-रविवारी तेच पाणी पीत असाल, हे मनात आलं तेव्हा तर मी सरळ तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तुमचा कागद पुन्हा बघितला. हृदयाचंच होतं, पाण्याचा काही संबंध नाही, असं दोनदा समजावलं. मी हो हो म्हटलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. 

आणि खरं सांगू? मी लगेच गेले नाही. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. टबातलं तुम्ही पाहिलं होतंत आणि मी ऐकलं होतं, तिसरं कोणी नव्हतं. मी गप्प बसले असते तर जगात कुणाला कळलं नसतं. हा विचार मला आला, आणि तो नीट खुर्ची ओढून बसला. लोक काय म्हणतील, पेपरात येईल का, नोकरीचं काय होईल. आणि पाणी वाईट निघालं तर? मग मी बायांना पुन्हा त्या नाल्यावर पाठवायचं? हिरवं कडं ठेवलं तर पोटात विष, लाल केलं तर वाटेवर वाघ. तुम्ही असता तर तुम्हाला विचारलं असतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं असतं.

शनिवारी पहाटे मी नळ्यांचा डबा स्वतःच्या मांडीवर घेऊन एसटीत बसले. पिशवीत लाल रंगाचा डबा. 

गावात शिरताना आधी पंप दिसला. हिरवं कडं तसंच होतं, ताजंतवानं. पण पंपाभोवतीचा ओटा कोरडा होता. नालीत चिखल नव्हता, दांड्यावर धूळ होती. दोन बकऱ्या ओट्यावर सावलीला बसल्या होत्या. मला काही कळेना.

तुमच्या घरी तुमच्या पत्नी, शांताबाई, अंगणात तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या, सूप बाजूला ठेवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तांब्याकडे बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "नाल्याचंच आहे जी, उकळून ठेवलं. प्या."

"पंपाचं नाही?"

"पंपाचं कोण पेते? भांडी घासाले बी नाई घेत." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "ते बोलले होते ना. मॅडमचं अजून एक तपासणं बाकी आहे म्हणे. मॅडम परत येऊन पाहीन, तवापर्यंत पंपाले हात नाई लावाचा."

"असं मी म्हटलं नव्हतं, बाई."

"ते तं म्हणत, मॅडम येईनच. उशीर होईन, पण येईन."

वामनभाऊ, मी तुमच्या ओसरीवर उभी राहून रडले. लहान पोरीसारखी, नाक पुसत. आधी सुटका झाली म्हणून रडले, कुणीही ते पाणी प्यायलं नव्हतं म्हणून. मग तुम्ही माझी लाज राखलीत म्हणून. चारचौघांत मला खोटं न पाडता तुम्ही गाव वाचवलंत, आणि माझ्या वतीने एक वचन देऊन बसलात. ते पाळायला मला तुमच्या मरणापर्यंत वेळ लागला. बुधवारी तो टब दिव्याखाली आला नसता तर? मी आलेच नसते. शांताबाई वाट बघत बसल्या असत्या. 

मग मी बायांना बोलावलं. घोंगडी तीच होती. या वेळी तीन नळ्या घेतल्या. एकीत डिस्टिल्ड पाणी, एकीत मुद्दाम मोरचूद घातलेलं पाणी आणि तिसरीत पंपाचं. पॉलिमर बेताचं. सुरुवात करण्याआधी सांगितलं, "मागच्या वेळी चूक माझी होती. वामनभाऊंनी मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही."  वाटलं, कुणीतरी उठेल, शिव्या देईल.  मागच्या वेळची ती म्हातारी म्हणाली, "बरं, आता तं दाखव."

डिस्टिल्ड पाण्याची नळी हिरवी उजळली. मोरचुदाची काळीच राहिली. मग मी पंपाच्या पाण्याची नळी दिव्यापुढे धरली. अगदी मंद, असून नसल्यासारखा हिरवा, आणि आणखी थोडं तेच पाणी घातल्यावर तोही गेला. घोंगडीत कुणी खिदळलं नाही.

"विझलं का जी?" शांताबाईंनी विचारलं.

"हो. विझलं."

आत कोणता धातू आहे आणि किती आहे ते ही परीक्षा सांगत नाही, हेही सांगितलं. नमुने दोन बाटल्यांत भरले, आता ते मी स्वतः तपासणीला घेऊन जाईन आणि उत्तर मिळेपर्यंत तिथल्या दारातून हलणार नाही. मग लाल रंगाचा डबा उघडला. तुमचं कडं मी बुजवलं. तुम्ही इतकं हळू का काढत होतात ते तेव्हा कळलं. काढायचंच नव्हतं तुम्हाला. तरी काढलंत, मी ब्रश हातात दिला म्हणून.

दुपारी ऊन कलायच्या आत बाया नाल्यावर निघाल्या. हा नेमही तुम्हीच लावून दिलात म्हणे. एकटीनं जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं, पुढची डबा वाजवत जाईल, कुणी एकटी वाकून बसायचं नाही. शनिवार-रविवारी सगळ्यांत मागे तुम्ही असायचात. शांताबाई म्हणाल्या, "मागच्याचं काम मागं पाह्याचं. बाकीच्यानं पुढंच पाह्याचं, असं सांगून ठेवलं त्यायनं."

"ते गेल्यावर मागे कोण असतं?" असं मी विचारलं, म्हणजे तुम्ही गेल्यावर.  बायांनी एकमेकींकडे बघितलं. मी डोक्यावर पदर घेतला, एक घागर उचलली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. कुणी नको म्हणालं नाही.

सागाची पानगळ झालेली आहे. पायाखाली पानं इतकी वाजतात की दुसरं काही ऐकूच येत नाही. पुढे डबा वाजत होता, बाया मोठमोठ्यानं बोलत चालल्या होत्या, आणि माझी मान अवघडली होती.  मला वाटत होतं, तुम्हालाही दर वेळी असंच होत असणार, आणि सोमवारी सकाळी येऊन तुम्ही मला फक्त "काई नाई जी, बरं आहे सगळं" एवढंच सांगायचात. नाल्याच्या उतारावर वाट वळते तिथे मी थांबले. तुम्ही सांगून ठेवल्याप्रमाणे मागे वळून बघितलं, नीट बघितलं, डोळ्यांवर हात धरून.

वाट रिकामी होती.